पालकसभा दुपारी दोनला ठेवू नका

एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता नागपुरात पालकसभा बोलावली, तर अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि कूलर एवढेच हजर राहतात. कूलर सुरू असेल तर त्या दोघींनाही एकमेकींचं ऐकू येत नाही. उत्तर आणि पूर्व नागपुरातल्या वस्त्यांमध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या पालकांचे गट बांधायचं काम आम्ही असंच चुकीच्या वेळेपासून सुरू केलं. पुढे जे जमलं, त्यातलं निम्मं श्रेय वेळ बदलण्याचं आहे.

‘तुम्हाला कोणती वेळ सोयीची?’ असं विचारून काही हाती लागत नाही. समोरची बाई ‘कधीबी ठेवा जी’ म्हणते आणि येत नाही. त्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. नळ किती वाजता येतो, घरातला माणूस ठिय्यावर, म्हणजे मजूर रोजंदारीसाठी जमतात त्या चौकात, किती वाजता निघतो आणि धुणीभांडी करणाऱ्या बाया कितीला परततात. या तिन्ही वेळा कागदावर मांडल्या की उन्हाळ्यात दोनच फटी उरतात. एक सकाळी साडेसात ते सव्वाआठ, दुसरी संध्याकाळी साडेसहानंतर कोणाच्या तरी ओट्यावर. दोन्ही वेळा सभा घ्यावी लागते. तोच विषय दोनदा बोलायचा कंटाळा केला, तर अर्ध्या आया गेल्याच समजा. सभा ४० मिनिटांच्या वर नेऊ नये. त्यानंतर कोणाच्या तरी गॅसवर भात असतो.

सभेच्या आधी गृहभेट, हा क्रम उलटा केला की काम बिघडतं. सभेत पहिल्यांदा भेटलेली आई ऐकून घेते, बोलत नाही. गृहभेट १५ ते २० मिनिटांची असावी आणि हातात रजिस्टर नसावं. रजिस्टर दिसलं की घरातले वजन-उंची, लसीकरण, आधार कार्ड यांच्या तयारीला लागतात आणि मूल बाजूला राहतं. भेटीत बघायचं ते एवढंच: दुपारी मुलाजवळ कोण असतं, मुलाला बसायला जमिनीवर हात-दीड हात तरी मोकळी जागा आहे का, आणि मूल काही विचारतं तेव्हा उत्तर कोण देतं. पुष्कळ घरांत उत्तर देणारी आई नसतेच, आजी असते. तिथे सभेचं बोलावणं आजीला द्यावं. आईला दिलेलं बोलावणं आजीपर्यंत पोहोचतं, पण आजी त्यावर येत नाही; तो मानाचा प्रश्न आहे.

पहिल्या सभेत काय बोलायचं? मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो, हे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे आणि प्रशिक्षणात ते हमखास सांगितलं जातं. वस्तीत हे वाक्य उच्चारून काहीही घडत नाही. बाया माना डोलावतात आणि मग खरा प्रश्न येतो: ‘बाई, वही तं कोरीच आहे! लिवायले कवा शिकवता?’ बाजूच्या गल्लीतल्या नर्सरीतलं पोरगं १ ते ५० लिहून आणतं, आपलं चिंचोके खेळून येतं. या तुलनेला भाषणाने उत्तर देता येत नाही.

त्यासाठी एक जुना प्रयोग चांगला चालतो. प्रत्येक आईला कागद-पेन्सिल द्यायची आणि ज्या हाताने ती लिहीत नाही त्या हाताने स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि पत्ता लिहायला सांगायचा. वेळ ३ मिनिटं. मध्येच मागे उभं राहून ‘लवकर, लवकर, बाजूच्या ताईचं झालं’ म्हणायचं. लिहिता न येणाऱ्या आयांना एक गोल, एक चौकोन आणि एक फूल काढायला द्यायचं, म्हणजे कोणी उघडं पडत नाही. तीन मिनिटांत खांदे आखडतात, पेन्सिल मुठीत जाते, कोणी हसतं, कोणी चिडतं. मग सांगायचं की चार वर्षांच्या मुलाचा हात रोज असाच असतो. मनगटातली सगळी छोटी हाडं या वयात तयार झालेली नसतात, बोटांत जोर यायचा असतो; आणि तो जोर पाटीवर गिरवून येत नाही. तो मटार सोलून, कणीक मळून, ओलं फडकं पिळून येतो. हे ऐकल्यावर वहीचा प्रश्न संपत नाही, पण महिनाभर पुढे जातो. महिन्याने तो पुन्हा येणारच. तेव्हा न चिडता प्रयोग पुन्हा करायचा, यावेळी बापांसोबत.

राज्यात २०२२ पासून पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्यातला पहिला मेळावा उन्हाळ्यात, दुसरा शाळा उघडताना. शाळेच्या पटांगणात सात टेबलं लागतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांशी बोलणं. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या टेबलावर गाडी अडते. जन्मदाखला, आधार, ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण होतात की नाही याचा हिशेब, एवढ्यात एका मुलामागे १० मिनिटं जातात आणि मागे रांग उन्हात. उपाय सोपा आहे. कागदपत्रं दोन दिवस आधी गृहभेटीतच बघून घ्यावीत आणि मेळाव्यात नोंदणीच्या टेबलावर फक्त नाव विचारून मुलाच्या शर्टाला बिल्ला लावावा. टेबलं झाडाखाली किंवा व्हरांड्यात, सुरुवात साडेसातला, साडेनऊला सगळं आवरलेलं.

दुसरी अडचण विकासपत्राची. प्रत्येक टेबलावर मुलाला काय जमलं याची नोंद होते आणि शेवटी ते पत्र आईच्या हाती येतं. आई ते गुणपत्रिका म्हणूनच वाचते. जिन्यातच तुलना सुरू होते आणि घरी पोचेपर्यंत मुलाला दोन टोले बसलेले असतात. म्हणून खूण सेविकेने करू नये. मूल एका पायावर उभं राहत असताना आईनेच पाच आकडे मोजावेत आणि ‘जमतं’, ‘धरलं तर जमतं’, ‘अजून नाही’ यांतलं काय ते तिनेच सांगावं. जी खूण तिने स्वतः केली ती तिला समजते. ‘अजून नाही’च्या पुढे लगेच घरी करायची एक कृती तोंडी सांगायची. एकच, तीन सांगितल्या तर एकही होत नाही.

मेळावा संपला की त्याच दिवशी, आया पांगायच्या आत, गट पाडावेत. एका गटात ५ ते ६ आया आणि सगळ्या एकाच गल्लीतल्या. मुख्य रस्ता ओलांडावा लागणारा गट तीन आठवड्यांत मोडतो. गटाची लीडर माता निवडताना सगळे जण बारावी शिकलेली बाई शोधतात. आमचा अनुभव उलटा आहे. जिचं दार दिवसभर उघडं असतं आणि जिच्या ओट्यावर बाया तशाही बसतात, ती निवडावी. वाचायला गटातली दुसरी कोणी येते. ओटा उसना आणता येत नाही.

आठवड्याला एकच कृती, रोज १५ मिनिटं, आणि ती घरकामाच्या आतच बसली पाहिजे. पालक सहभाग म्हणजे घरी दुसरी शाळा भरवणं असा समज सगळीकडे आहे, आणि तो समज पाटी-पेन्सिल विकणाऱ्यांपेक्षा आम्हा कार्यकर्त्यांनीच जास्त पसरवला आहे. आईला वेगळा वेळ काढायला सांगितलं की ती हो म्हणते आणि मनातून गटाबाहेर जाते. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं, कांदे-बटाटे वेगळे करून मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत मांडणं, ताटं वाढताना ‘घरात आपण पाच, पोळ्या किती?’ असं विचारणं, एवढंच पुरतं. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलणाऱ्या बहराचं, संत्रं एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मिळतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने चार वर्षांचं मूल ती स्वतः सोलू शकतं. सोलण्याआधी आत किती फोडी असतील याचा अंदाज सांगायचा, मग मोजायच्या. बहुधा दहाच्या आसपास निघतात, पण दर वेळी तेवढ्याच नाही, म्हणून मूल पुन्हा मोजतं. सालीचा रस डोळ्यात उडतो. चेहरा जरा लांब ठेवायला आधीच सांगावं.

मोजायच्या बियांबद्दल मात्र काळजी घ्यावी लागते. चिंचोके चालतात, आणि चिंच फोडायच्या दिवसांत ते फुकट मिळतात. सीताफळाच्या बिया गुळगुळीत, काळ्याभोर आणि मोहात पाडणाऱ्या असतात, पण फुटलेल्या बीची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. त्या वापरूच नयेत. गुंजा तर विषारीच. आणि घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोकेही नकोत. ते नाकात किंवा कानात जातात, गिळले जातात. अशा घरी वाट्या, चमचे, कांदे मोजावेत. साहित्य ठेवायची जागाही बघून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये मुलं गारव्यासाठी कूलरपुढेच खेळतात, तिथे जमिनीवर पाणी सांडलेलं असतं आणि कूलरच्या पत्र्याला शॉक येण्याचे प्रकार नागपुरात नवे नाहीत. कूलरपासून चार हात लांब, ही अट आम्ही कृतीच्या पहिल्या वाक्यात घालतो.

बोटांसाठी मिठाची कणीक सगळ्यात स्वस्त. २ वाट्या कणीक, १ वाटी बारीक मीठ, १ चमचा तेल, रंगाला हळद, आणि पाणी पाऊण वाटीपासून सुरू करून लागेल तसं. मीठ कमी केलं तर गोळा दुसऱ्या दिवशी आंबतो. उन्हाळ्यात नागपूरच्या कोरड्या हवेत तासाभरात वर कडक पापुद्रा येतो, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. पावसाळ्यात उलट होतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो, तेव्हा वरून थोडी कोरडी कणीक लावायची. खाऊन बघणारं मूल खारट लागलं की थुंकतं, पण नजर हवीच. काही घरांत अन्नाशी खेळणं पटत नाही. तिथे वाद घालू नये, चिखल आहेच.

या सगळ्यापेक्षा आम्हाला जास्त वेळ लागला तो भाषेवर. आईचा पहिला पवित्रा असतो: ‘आमाले काय येते जी, आमी तं शिकलो नाही.’ पूर्व नागपुरात छत्तीसगढी बोलणारी घरं आहेत, काही घरांत गोंडी, बऱ्याच ठिकाणी हिंदी. या आयांना वाटतं की मुलाशी आपल्या बोलीत बोललो तर ते मागे पडेल, म्हणून त्या मोडक्या मराठीत दोन-दोन शब्दांची वाक्यं बोलतात: ये, बस, खा, गप. नुकसान इथे होतं. लांब वाक्यं, ‘म्हणून’, ‘पण’, ‘नाहीतर’ असे जोडणारे शब्द, गंमत, चेष्टा हे सगळं मुलाला तिच्या पक्क्या भाषेतूनच मिळू शकतं. ते एकदा मिळालं की शाळेची मराठी त्यावर चढते.

वऱ्हाडी बोलणाऱ्या मराठी घरांतही हाच घोळ आहे, फक्त तो शाळेकडून होतो. मूल म्हणतं ‘मले पानी पायजे’ आणि बाई म्हणतात, ‘मले नाही, मला.’ ते ‘डोया’ म्हणतं, ‘काया’ म्हणतं, कारण घरात ळचा य होतो. दर वाक्याला दुरुस्ती झाली की आठवड्याभरात मूल बोलायचंच थांबतं आणि आईला सांगितलं जातं की तुमचं लेकरू बुजरं आहे. आम्ही सेविकांना एवढंच सुचवतो की मुलाचं वाक्य तोडू नका, उत्तरात आपलं रूप आणा: ‘तुला पाणी पाहिजे? काळ्या माठातलं देऊ?’ आईला सांगायचं की घरी ‘मले’च म्हणा, बिनधास्त. पहिलीत अक्षर-ओळख होते तेव्हा ‘ळ’ मुद्दाम कानाने ऐकवावा लागतो, कारण त्या मुलाच्या कानात तो वेगळा आवाज म्हणून बसलेला नसतो. तो आळस नाही आणि दोषही नाही.

गोष्ट सांगायला पुस्तक लागत नाही. आईला तिच्या लहानपणची कोणतीही खरी घटना सांगू द्यावी, विहिरीत पडलेल्या बकरीची असली तरी. नियम एकच: मध्ये तीनदा थांबायचं. एकदा ‘आता काय होईल?’, एकदा ‘तिनं असं काहून केलं?’, एकदा ‘तू असता तर?’ उत्तरासाठी मनात पाचपर्यंत मोजून थांबायचं. हे थांबणं आयांना फार जड जातं. दोन सेकंदांत त्या उत्तर स्वतःच देऊन टाकतात, आणि कार्यकर्तेही तेच करतात.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. घरात फोन एक असतो आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो. संदेश संध्याकाळी सात ते आठमध्ये पाठवावा, ४० सेकंदांच्या आतला, आवाजी. पीडीएफ कोणी उघडत नाही. कृती केल्याचा फोटो मागवणं आम्ही पूर्ण बंद केलं. फोटो मागितला की मुलाला नवा फ्रॉक घालून चिंचोक्यांपुढे बसवलं जातं, फोटो निघतो आणि चिंचोके उचलून ठेवले जातात.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. दुसरा मेळावा तेव्हाच येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत छत्तीसगडची आणि भंडारा-गोंदियाकडची मजूर कुटुंबं धानाच्या पेरणी-रोवणीसाठी गावी गेलेली असतात. त्यांची मुलं गैरहजर लागतात आणि परत येईपर्यंत वर्गाची घडी बसलेली असते. जाण्याआधी सेविकेला सांगा, हे मेमध्येच बजावून ठेवावं लागतं. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर, स्थलांतराची नोंद होऊ शकते, म्हणजे निदान गावच्या अंगणवाडीत आहार सुटत नाही.

नव्या मुलांच्या रडण्यावर आयांचा ठरलेला उपाय म्हणजे नजर चुकवून पळ काढणं. तो सर्वांत वाईट, कारण दुसऱ्या दिवशी मूल दारापासूनच पदर सोडत नाही. तीन दिवसांची पायरी बरी पडते. पहिल्या दिवशी आई आत, मुलाशेजारी, फक्त पाऊण तास, मग दोघं घरी. दुसऱ्या दिवशी २० मिनिटं आत, नंतर दारात, मुलाला दिसेल अशी. तिसऱ्या दिवशी सांगून जायचं: ‘तुही खिचडी खाऊन झाली का मी येतो.’ घड्याळ मुलाला कळत नाही, खिचडी कळते. आणि खिचडी संपताना आई खरोखर दारात हवी. एकदा उशीर झाला की पहिल्या दिवसापासून सुरुवात. मदतनिसांना गर्दी आवडत नाही म्हणून आयांना बाहेरच थांबवणाऱ्या अंगणवाड्या आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत काम सुरू केल्यावर मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली होती. अंगणवाडी हे नाव मिरवायचं आणि आईला फाटकाबाहेर उभं करायचं, हे आम्हाला अजून पटलेलं नाही.

बाप सभेला येत नाहीत, हे खरं. पण तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांच्या सणाला, लाकडी बैल आणायला तेच जातात. म्हणून बापांचं काम पोळ्याच्या आठवड्यात ठेवतो: बैल विकत आणला तरी सजावट बापाने मुलाबरोबर करायची. झूल कापायची, दोरा ओवायचा, शिंगांना रंग द्यायचा. बोथट टोकाची कात्री, जाड सुई, एक तास. रविवार असेल तर उत्तम, कारण ठिय्यावर त्या दिवशी काम कमी. नंतर मूल घरोघर बैल फिरवतं तेव्हा मिळालेला बोजारा (बैलामागे मिळणारे पैसे) रात्री बापानेच त्याच्याबरोबर मोजायचा. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या. त्याच दिवशी रस्त्यावर मारबत निघते, म्हणजे रोगराई-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. ‘घेऊन जा गे मारबत’च्या आधी काय लावायचं ते मुलांना ठरवू द्यावं. खोकला, डास, गटाराचा वास अशी यादी होते. एका गटात ‘वही’सुद्धा आली होती. पाच वर्षांच्या मुलासाठी ठेक्यात वाक्य बसवणं हा भाषेचा चांगला व्यायाम आहे.

भुलाबाईचे, म्हणजे पावसाळा सरताना मुली फेर धरून गाणी म्हणतात त्या सणाचे, दिवस आले की काम आजींकडे जातं, आणि तिथे आम्हाला शिकवण्यासारखं फारसं काही उरत नाही. गाणी त्यांचीच, खाऊ ओळखायचा खेळही त्यांचाच. झाकलेला डबा हलवून, वास घेऊन, ‘गोड का तिखट’, ‘कुरकुरीत का मऊ’ असे प्रश्न विचारत मूल उत्तरापाशी पोचतं. आजींना आम्ही इतकंच सांगतो की मुलींबरोबर मुलग्यांनाही बसवा, आणि प्रश्न विचारल्याशिवाय नुसतं नाव सांगितलं तर ते धरू नका. डबा मात्र स्टीलचाच घ्यावा. प्लास्टिकच्या डब्यात फुटाणे आणि शेंगदाणे सारखेच वाजतात.